दहा पावलांचं अंतर

ऐका. शेकोटीत दोन काटक्या सारा अन् जवळ सरकून बसा. आमच्या सर्जेरावाची गोष्ट हाय ही, माझ्या थोरल्या भावाची. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कुठं गेली, हे अख्ख्या गावात आता मलाच ठाऊक हाय. उगं हसायचं न्हाई.

सर्जेराव पलटणीत हुता, पार लडाखात. तिथं एक तळं. थंडीत असं गोठतं की वरनं घोडी पळवत्यात. खोटं वाटतंय? मलाबी वाटलं हुतं. पौषात तिथली माणसं काठच्या त्या जाड बर्फावर जत्रा भरवत्यात. ढोल, नाच, खारट चहा. अन् दिवस कलला की घरटी एक दिवा लांब, मधल्या पातळ बर्फावर ठेवायचा, आपल्या गेलेल्या माणसासाठी. मग उजेड हाय तवरच माघारी फिरायचं. एकामागं एक, मधी दहा पावलं सोडून. दोघांचं वजन एका जागी आलं की बर्फ तडकतो, म्हणून.

आता सांगा, आपल्या गावची दोन माणसं दहा पावलं सोडून चालतील व्हय? सर्जेरावासंगं आपला पांडबा हुता, अनसाकाकूचा. पहिल्या वर्षी जत्रंतले दिवे बघून परतताना पांडबानं तंबाखू मळली अन् चार ढांगांत सर्जेरावाजवळ आला, चिमूट द्यायला. बर्फ फाटला. पांडबा खाली गेला, हात तेवढा वर. "सर्जा, हात दे." अन् आमचा सर्जेराव मागं सरला. भ्याला. मी बहीण हाय, पण झाकणार न्हाई. गावाला मात्र त्यानं कळवलं, मी लांब हुतो म्हणून.

दुसऱ्या वर्षी जत्रंदिवशी त्याची ड्युटी अंधार पडल्यावर सुटली. माणसं कवाच घरी गेलेली. काठावर एक म्हातारा कंदील घेऊन बसलेला. तिकडं आजोबाला मेमे म्हणत्यात. मेमे मोडक्या हिंदीत म्हणाला, "दिवा उद्या ठेव. आता तळं त्यांचं." सर्जेराव ऐकतोय कुठला? पांडबाचा दिवा घेऊन निघाला.

लांब जाऊन दिवा ठेवला. माघारी वळला, तर हलगी वाजायला लागली. आपल्या जत्रंतली हलगी, तिथं! मनाचे खेळ म्हणून चालत ऱ्हायला. मग काठ गावंना. जिकडं जावं तिकडं आपलाच दिवा पुढ्यात. तीनदा फिरला, तीनदा तोच दिवा. अन् मागं पावलं वाजली.

"सर्जा, दम धर की."

पांडबा. खांद्याला खांदा लावून चालायला लागला. आईचं विचारलं, म्हशीचं विचारलं. सर्जेराव उत्तरं देत गेला. पर ऐका, एकट्याच्या पायाखाली करकरणारा बर्फ आता दोघांखाली गप हुता. तवा त्याला कळलं. अन् कळूनबी पळावंसं वाटंना. वर्षभर त्यो याच माणसाची वाट बघत हुता.

पांडबा थांबला. गुडघ्याएवढा बर्फात गेला. मग कमरेएवढा. मग छातीएवढा.

"सर्जा, हात दे."

सर्जेरावानं दिला. या खेपेला दिला. तसा त्याच्याखालचा बर्फ तडकला. त्यो पालथा पडला अन् रडत बोलला, "पांडबा, त्या दिवशी मी लांब नव्हतो रं. मी भ्यालो."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. हात सुटला. कुणी सोडला, ते सर्जेरावाला मरेपर्यंत सांगता आलं न्हाई. मेमेचा कंदील दिसला, त्याच्या रोखानं पोटावर सरपटत काठाला लागला. दोन बोटं काळी पडली हुती. डॉक्टरनं कापली.

सुट्टीवर आला तो घरी न येता आधी अनसाकाकूकडं गेला. समदं खरं सांगितलं. काकूनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "त्याचा हात लई गार हुता का रं?"

"न्हाई काकू," सर्जेराव म्हणाला. "ऊन हुता."

काकूनं डोळ्याला पदर लावला अन् त्याला जेवायला वाढलं.

तुमच्यातली कैक जण उद्या पलटणीत जातील. दिवे लागल्यावर त्या तळ्यावर पाय टाकू नका. परक्या भुताला न्हाई म्हणता येतं. आपल्या माणसाला म्हणवत न्हाई.