राजाची नजर

संग्रहालयाच्या तिकिटांची रांग घोड्यावरच्या राजाच्या पुतळ्याला वळसा घालून गेली होती. रात्रपाळी करून आलेल्या नर्सबाईंचे डोळे मिटायला लागले होते, तोच पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं कानावर आलं आणि झोप पार उडाली.

"अहो, मान जरा वर करा. लोकांना कळू दे."

"हळू बोल गं."

"का म्हणून? राजाचं एकही चित्र सापडेना, म्हणून हा पुतळा घडवताना दादानं त्याच्या मित्रालाच समोर बसवलं ना? तुम्हालाच ना?"

"बसवलं, पण मोडक्या स्टुलावर. घोडा मागाहून आला."

"चेहरा कसा करारी आलाय."

"करारी कसला? सकाळपासून पोटात काही नव्हतं. तुझा भाऊ उठू देईल तर शपथ."

"तरीच. टक लावून बघताय ते आमच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे."

"दाराकडेच बघत होतो."

"खादाड मेले."

एवढ्यात रांगेत पुढे असलेल्या सहलीतल्या एका मुलीनं शिक्षिकेला विचारलं, "बाई, राजा कुठे बघतोय?"

"जो मुलूख जिंकायचा होता ना, त्याच्याकडे."

म्हातारी हसायला लागली आणि मधेच थांबली.

"अहो, त्या दारात तर मी उभी असायचे."

"हो."

"तेव्हा आपलं लग्न कुठे ठरलं होतं?"

"नव्हतं ठरलं. बाई बरोबर सांगतायत."

"इश्श. मग, जिंकलात का मुलूख?"

"छे गं. अजून स्वारीच चालू आहे."