गोदूआत्याचा गळा कंपनीचा

केतन: परत बंद पडलं! गोदूआजी, तू तोंड उघडलंस की लाइव्ह खलास. सकाळी मांडव घालताना तेच, आत्ता हळदीला तेच.

गोदू: मंग काय तोंड शिवून घेऊ? धवलारीन हाय मी. धवला गायल्याबिगर हलद लागत न्हाय आपल्यात. तुझे आईला लागली तीपन माझेच धवल्यावर, इचार तिला.

नूतन: केतन, नीट सांग ना बाबा काय झालंय. दिशा पाटावर बसून अवघडली, वाटलेली हळद सुकायला लागली, मुलाकडची माणसं ताटकळलीत. आणि तुझे पप्पा तिकडे जहाजावर फोन धरून बसलेत. पोरीची हळद बघायची म्हणून ड्युटी बदलून घेतली त्यांनी.

केतन: आई, सीन असा आहे. लिहून आलंय की तुमच्या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचं गाणं वाजतंय. मालक, शिंपला ऑडिओ. दोन वॉर्निंग झाल्यात. आता सापडलो की माझं अकाउंटच उडवणार, मग पप्पांना मांडवाचा खांबसुद्धा दिसणार नाही.

गोदू: दुसऱ्याचं गानं? अरं, ह्यो धवला माझे आयेनं मना दिला. तिला तिचे आयेनं. ह्यो शिंपला कोन मेला मधीच उगावला?

केतन: आठव जरा. कधी रेकॉर्डिंगला गेली होतीस का?

गोदू: गेले व्हते की पेनला. कॅसेटवाला आलता, गाडीत घालून नेलान. खोक्याएवढी खोली, भितींना गाद्या चिकटवलेल्या. मी म्हनलं, हितं गायचं का निजायचं? गायले. लुगडं दिलान, वडापाव दिलान, घरी सोडलान. संपलं.

केतन: नाही ना संपलं! त्या कॅसेटवाल्यानं ते शिंपलाला विकलं. त्यांनी खाली ढिंगटांग बीट टाकून डीजेवाल्यांसाठी सोडलं. आता मशीनला वाटतंय, त्या गाण्याची कोणीतरी चोरी करतंय. ते कोणीतरी म्हणजे तू.

गोदू: माझा गला मीच चोरला?

केतन: तसंच समज.

गोदू: नि पकडलान पन?

केतन: अठ्ठ्याण्णव टक्के जुळतोय म्हणतंय.

गोदू: बघ गो नूतन! अलिबागला सरकारी कामाला गेले तं माझा अंगठाच उठंना. तुमी गोदू कशावरून, म्हनं. नि ह्यानं नुसत्या आवाजावर ओलखलान. केत्या, हुशार हाय रं तुझं मशीन. जेवायला सांग त्याला, वडे-मटन हाय म्हनावं.

नूतन: आत्या, कौतुक नंतर करा हो. केतन, आवाज बंद ठेवून दाखव मग. निदान चित्र तरी दिसेल.

केतन: तेच मी पप्पांना विचारलं. त्यांनी लिहिलंय, 'चित्र नसलं तरी चालेल, धवला ऐकव. बाबांना मांडवात बोलावतात तेवढं तरी.'

नूतन: अगं बाई.

गोदू: बरोबर हाय त्याचं. घरातली जी मानसं गेली त्यांना नाव घेऊन बोलवायचं, हलदीला या म्हनून. त्याच्यासाठीच तं धवला. पयलं नाव त्याचे बापाचं, धर्माजीचं.

नूतन: मामंजी गेले तेव्हाही हे जहाजावरच होते. तोंड बघायला मिळालं नाही बापाचं, अजून मनाला लावून घेतात. केतन, काहीही कर, पण ही हाक त्यांच्या कानावर पडली पाहिजे. साधा फोन नाही का लागत?

केतन: कॉल बंद आहेत जहाजावर. त्यांच्या नेटवर ही एकच साइट उघडते, तीपण रडतखडत. आणि ड्युटीचा टाइम झाला की ती पण गेली.

नूतन: मग त्या कंपनीची परवानगी घे.

केतन: घेतली की. म्हणजे मागितली. इकडे विचारलं होतं, मालकाची संमती आहे का. मी लिहिलं, गाणारी बाई आमच्या शेजारीच बसलीय, तिची संमती आहे.

गोदू: हाय, हाय. लिव, गोदूची हरकत न्हाय.

केतन: त्यांचं उत्तर आलं. तुमची तक्रार मिळाली, महिन्याभरात कळवू.

गोदू: म्हयन्याभरात? तवर पोरीला काय, बरनीत घालून ठेवायची?

नूतन: आत्या, दुसरा एखादा धवला गा ना.

गोदू: दुसऱ्या गान्यात धर्माजी येनार हाय का? त्याला त्याची हाक ठाव हाय. आपन वेगलंच कायतरी म्हनायचं नि ते मानूस वेशीवर गोंधलून उभं ऱ्हायचं. त्यापरीस मी गला बदलते. फसवू मशीनला.

केतन: आयडिया वाईट नाही. पण माझ्या अकाउंटवर रिस्क नको. ऋत्विक, फोन दे रे तुझा. अरे दे ना, घरचं कार्य आहे! हं आजी, नाकातून गा.

गोदू: ये रं ये रं धर्माऽजी, हलदीच्या पाटाशी येऽ...

केतन: पकडलं.

गोदू: नाकातून पन? आता सुपारी घालते तोंडात. श्रीवर्धनची हाय, बोलायला पन येत न्हाय हिच्यापुढं. ये लं ये लं धल्माऽ...

केतन: पकडलं. आणि ऋत्विकचं अकाउंट गेलं. सॉरी भावा. रडतोस काय, तुला बघायचं कोण? सोनल, तुझा फोन आण.

नूतन: सोनलचा नको रे! मसाल्याच्या ऑर्डरी त्याच्यावर येतात तिच्या.

केतन: एकदाच, आई. आजी, आता पाठ करून गा, भिंतीकडे तोंड करून.

गोदू: थांब. पाठीनं काय व्हनार न्हाय. दात काढते.

नूतन: आत्या! मुलाकडची माणसं समोर बसलीत!

गोदू: बसू दे. त्या म्हाताऱ्याचे पन खोटेच हायत, मना ठाव हाय. धर हे, पदरात धर नीट, पाडू नको. ये हं ये हं धहमाऽजी, हलदीच्या फाताशी येऽ...

केतन: बापरे.

नूतन: सुटलो?

केतन: नव्व्याण्णव टक्के.

गोदू: वाढलं?

केतन: वाढलं. दाताशिवाय जास्त ओळखतंय.

गोदू: आन ते दात हिकडं. माझा सख्खा नातू मना दाताबिगर बघून चुलीमागं पलाला व्हता. आन ह्यो बघ. सात समिंदरापल्याडचा असंल कुटला, पन मान्साची जान हाय त्याला.

केतन: सोनलचं पण गेलं.

नूतन: आता मसाला विकायचा कसा तिनं?

केतन: दारोदार. मी जाईन तिच्याबरोबर. आई, मला आता काही सुचत नाहीये. स्वराज म्हणतोय, आजी गाताना शेजारी मिक्सर लावू. मी म्हटलं, मिक्सरमध्ये मग धर्माजीआजोबांचं नाव कुठून ऐकू येणार? पप्पांची वेळ पण संपत आलीय.

नूतन: अरे, एवढ्याशा दोन ओळींसाठी काय हे! सोपं तर आहे. एवढंच तर ऐकवायचंय त्यांना...

(नूतन गाऊ लागते. मांडवाच्या दाराशी निजलेलं कुत्रं उठून बाहेर जातं.)

नूतन: ये रं ये रं धर्माजी, हळदीच्या पाटाशी ये, नातीच्या कपाळी तुझ्या बोटाची हळद दे. झालं! ह्याच्यात शिंपल्याचं काय गेलं?

केतन: आई, हलू नकोस.

नूतन: का? पाल आहे का अंगावर?

केतन: पुढच्या खेपेला सोनलच्या आईचा फोन घेतला होता, तो चालूच राहिला हातात. मशीन गप्प आहे.

गोदू: ओलखलान न्हाय?

केतन: गाणं आहे हेच ओळखलं नाही. इथं आलंय बघ, 'आजूबाजूला गोंगाट आहे, माइक तपासा.'

गोदू: शाना हाय मेला. सूर न्हाय म्हनजे न्हाय, बरोबर सांगितलान.

नूतन: हसा, हसा. शाळेत प्रार्थनेला बाई म्हणाल्या होत्या, नूतन, तू नुसते ओठ हलव. तेव्हापासून मी आरतीलासुद्धा टाळ्याच वाजवते. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ह्यांनीही कधी माझं गाणं ऐकलेलं नाही. मीच ऐकू दिलं नाही.

केतन: मग आज ऐकवू.

नूतन: डोकं फिरलंय का तुझं? भर मांडवात? सोयरे उठून जातील.

केतन: सोयरे कुठे जात नाहीत, जेवण व्हायचंय अजून. आई, प्लीज. दुसरा रस्ताच नाही.

नूतन: आणि आत्यांचा मान? धवला धवलारणीनं गायचा. त्यांच्यासमोर मी कशी गाऊ? आत्या, तुम्ही सांगा ह्याला.

गोदू: मना वाईट वाटतंय नूतन, खोटं कशाला बोलू? माझा धवला, माझे समोर, दुसरी गानार नि मी मुक्यावानी बसनार. तेपन असा गानार! जीव तुटतो गो माझा.

नूतन: म्हणूनच नको म्हणते ना मी.

गोदू: ऐक पुढं. तुझा चांगदेव माझे मांडीवर वाढलाय. त्याचे आयेला ताप यायचा तं मी पेज भरवायची त्याला. त्या पोराला बापाची हाक ऐकवायची का माझा मान सांभालायचा? उठ. बस हितं माझे जागेवर. तांदूल घे मुठीत. मी कानात सांगते, तू म्हन.

नूतन: आत्या, माझा सूर चुकणारच हो.

गोदू: चुकू दे. आवाज तेवढा काढ.

केतन: माझ्याच अकाउंटवर लावतोय. गेलं तर गेलं, जय म्हसोबा. आजी, तू अगदी हळू. तुझा श्वास जरी ऐकला ना, तरी ओळखेल ते. चालू! पप्पा आले. दिसतायत, म्हणजे त्यांचं नाव दिसतंय.

गोदू: म्हन. ये रं ये रं धर्माजी.

नूतन: ये रं ये रं धर्माऽऽजी...

गोदू: हलदीच्या पाटाशी ये.

नूतन: हळदीच्याऽऽ पाटाऽऽशी येऽ...

केतन: मशीन गप्प. चालू ठेव आई. कमेंटा येतायत. काशीदची मृणालमावशी विचारतेय, भांडण कोणात लागलं? बाळाजीकाका लिहितायत, मी होडीत आहे, रेवसला उतरलो की येतो सोडवायला.

नूतन: बंद कर रे ते! मेल्यापेक्षा मेल्यासारखं झालं मला.

गोदू: न्हाय. मधी तोडायचं न्हाय, मानूस वेशीपर्यंत आलंय. नातीच्या कपाली.

नूतन: नातीच्या कपाळीऽ तुझ्या बोटाऽची... हळद देऽ...

गोदू: लाव गो हलद. लाव तिला.

केतन: लागली! दिसली स्क्रीनवर! दिशा, रडू नकोस, हळद ओघळतेय. थांबा, पप्पांचं आलं. गोल गोल फिरतंय... उघडलं. 'बाबांचं नाव ऐकलं.'

नूतन: ऐकलं? असं लिहिलंय?

केतन: अजून लिहितायत. 'ही गोदूआत्या नाही. कोण गातंय?'

नूतन: सांगू नकोस हां केतन. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला.

केतन: सांगितलं.

नूतन: अरे, कुठे तोंड लपवू मी आता? काय लिहिलं त्यांनी?

केतन: काही नाही.

नूतन: बघ. हसत असतील. नाहीतर लाजेनं बंद केला असेल फोन.

केतन: नाही, आहेत. नेट अडकलंय नुसतं. हां, आलं.

नूतन: वाच. नको, नको वाचू. वाच.

केतन: 'नूतनला सांग, थांबू नको. आईचं नाव राहिलं.'

गोदू: केसरचं. व्हय, तिला बोलवायचं ऱ्हायलंय खरं.

नूतन: आत्या, सांगा सासूबाईंची ओळ. मोठ्यानं म्हणते.