आवाजाचा कंप्रेसर

गोंदियातल्या हार्डवेअरच्या दुकानात मी नळाचा वायसर घ्यायला उभा होतो. माझ्यापुढे नवेगाव बांधहून आलेलं एक वयस्क जोडपं. वायसर निवडायला दोन मिनिटं लागतात; त्यांची निवड अर्धा तास चालू होती.

दुकानदार सांगत होता, “दुधरामजी, घरच्या सुतारकामाला हा बिनआवाजाचा कंप्रेसर घ्या. त्याच्या हवेवर खिळ्यांची गन चालते, पॉलिशही मारता येते. काकीची दुपारची झोप मोडणार नाही.”

“हाच द्या. हिच्यासाठीच तं पाहून राहिलो.”

“अन् तो मोठा?” बाईंनी विचारलं.

“काकी, वो तो ट्रॅक्टर है! चार घरं जागी होतील.”

“आपल्या मनानं चालू होते का तो?”

“नाही. टाकीतली हवा वापरली, की मोटर सुरू होते. काम बंद, तर तोही बंद.”

“मंग तोच द्या.”

“काऊन वं? ठोकठोकीनं तुयीच झोप मोडते ना?”

“मागच्या उन्हाळ्यात तुमी शेडमंदी भोवळ येऊन पडले, तवा कोण धावत आलं?”

“तूच.”

“ठोकठोक थांबली म्हणून आली. आता गन आली, हातोडी गेली. ह्या मुक्या डब्यानं मले काय समजन?”

“पण काकी, शेजारी भांडतील.”

“भांडू द्या. मी बाजारात असली अन् आवाज थांबला, तं तेच धावतीन.”

“अन् मी चहा प्याले थांबलो तं?”

“सांगून थांबाचं.”