स्लेटच्या छपराला रंगाचा दुसरा हात

नाव: जयवंत त्र्यंबक देवपुजारी. वय ७१ वर्षे. व्यवसाय: सेवानिवृत्त, सरकारी बांधकाम खात्यात शाखा अभियंता होतो. कायमचा पत्ता: प्रतापनगर, नागपूर. सध्याचा मुक्काम: मुलगी उर्वी व जावई कुश बारलिंगे यांचे घर, ट्रॉय, मिशिगन. दिनांक ४ नोव्हेंबर २०२३, शनिवार. वेळ दुपारी २.१५.

मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो की, मला इंग्रजी समजतं, पण आज मला मराठीतच बोलायचं आहे. दुभाषी म्हणून आलेल्या प्रीताताई मी बोलतो तसं लिहून घेत आहेत. वकील हवा का, असं मला दोनदा विचारण्यात आलं. नको म्हणालो.

मुलीचं घर जुनं आहे. छपराला स्लेटची कौलं आहेत, म्हणजे आपल्या शाळेतल्या पाटीचाच दगड. रंग पार उडालेला होता, उत्तरेच्या बाजूला शेवाळ. दिवाळी तोंडावर आली आणि घर असं भुंड्या डोक्याचं, हे मला बघवेना. एक छपराचा कारागीर येऊन गेला होता. तो म्हणाला, स्लेटला रंग देत नाहीत, फुटलेली कौलं तेवढी बदला. मी म्हणालो, याला काय डोंबल कळतंय! चाळीस वर्षं इमारती बांधल्या मी. रंग आपणच देऊ, ही कल्पना माझी. कुशची नाही, उर्वीची तर नाहीच नाही.

कुश इथेच जन्मलेला, संगणकात काम करणारा मुलगा. त्याने आयुष्यात ब्रश धरलेला नव्हता. पण माझ्या गुडघ्यामुळे त्याने मला शिडीला हात लावू दिला नाही. "बाबा, तुम्ही खालून डायरेक्शन द्या, मी वर करतो," म्हणाला. मागच्या रविवारी त्याने रंगाचा पहिला हात दिला. त्याच्या पायाखाली उत्तरेकडच्या उतारावरची पाच-सहा कौलं तडकली. बुधवारी मी सिमेंट कालवून दिलं आणि त्याने भेगा भरल्या. चांगलं काम केलं होतं पोराने.

आज सकाळी साडेआठच्या सुमारास स्वयंपाकघरात नवराबायकोचं वाजलं. ते खरं आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही. उर्वी म्हणत होती, छप्पर सोड, माणूस बोलव, थंडी बघ किती आहे. कुश म्हणाला, "बाबांची एवढी हौस आहे, यार. आज फक्त चेक करतो, ड्राय असेल तर दुपारी सेकंड कोट मारतो." आवाज चढले होते. मी तिथेच चहा पीत बसलो होतो. एका शब्दाने मी म्हणालो असतो की राहू दे, तर तो गेला नसता. 

शेजारच्या मिसेस हॅन्सन यांनी पोलिसांना सांगितलं आहे की भांडणाचा आवाज आला, नंतर अंगणातही ओरडणं झालं, आणि कुश पडला तेव्हा उर्वीचा हात शिडीवर होता. बाई खोटं बोलत नाहीत. त्यांच्या खिडकीतून गॅरेजच्या भिंतीआड मी दिसत नाही आणि त्यांना मराठी येत नाही, एवढंच. त्यावरून उर्वीने शिडी हलवली म्हणणं मात्र साफ चूक. शिडी वर पन्हळीला दोरीने बांधलेली होती, ती गाठ मी पाहिली आहे. पोलिसांच्या फोटोतही शिडी जागच्या जागी उभी आहे. कुश शिडीवरून पडलाच नाही. तो कौलांवरून घसरला.

का घसरला, असं साहेबांनी विचारलं. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, बाकी कोणाकडे नाही.

सिमेंटचं काम केलं की सात दिवस त्याला पाणी मारायचं असतं. नाही मारलं तर त्याचा भुगा होतो. आमच्याकडे पोरगंही सांगेल. साइटवर पाणी मारायला हयगय केली म्हणून मी मुकादमांना घरी पाठवलं आहे. गुरुवारी मी खालून पाइपने पाणी मारलं, तर कुशने ओल पाहिली. "बाबा, प्लीज पाणी नका मारू, पेंट पील होईल," म्हणाला. जावई मला सिमेंट शिकवणार! मला राग आला, पण हो म्हणालो. आणि काल शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला, उर्वी दुकानात गेली होती, कुश वरच्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होता, तेव्हा मी पुन्हा पाइप सोडला. पंधरा मिनिटं. सगळा उत्तरेचा उतार भिजवला.

थंडीचं माझ्या डोक्यातच आलं नाही. नागपुरात नोव्हेंबरात पाणी मारलं तर तासाभरात वाळतं.

आता पुढचं नीट लिहा. आज सकाळी कुशच्या आधी मी अंगणात गेलो. पाइप उचलला तर तो उसासारखा कडक. वाकेना. आतलं पाणी गोठलं होतं. मी तो हातात धरून उभा होतो आणि वर बघितलं. वर काही दिसत नव्हतं, काळी कौलं तेवढी चमकत होती. मला वाटलं रंगाची चमक. नाही, हे खोटं आहे, ते खोडू नका पण. मला शंका आली होती. पण सांगायचं म्हणजे काल चोरून पाणी मारलं हे कबूल करायला हवं होतं, जावयासमोर. तेवढ्यात तो आलाच. मी पाइप गॅरेजमागे टाकून दिला. अजून तिथेच असेल, बघून घ्या.

आठ पन्नासला कुश शिडी चढला. उर्वी रागात होती तरी आली आणि शिडी धरून उभी राहिली. त्याने कौलांवर पाय टाकला. "कुश, उतर खाली," असं म्हणायचं सोडून मी वेड्यासारखा स्वतःच शिडीवर चढायला लागलो. उर्वीने एका हाताने माझा स्वेटर ओढला. दुसरा हात शिडीवर होता, तोच त्या बाईंना दिसला. वरून कुश ओरडला, "बाबा, थांबा! येऊ नका! इट्स ऑल आइस!" मला थांबवायला तो मागे वळला. वळताना त्याचा पाय गेला. तो आमच्या शेजारून खाली गॅरेजसमोरच्या काँक्रीटवर पडला. त्याच्या तोंडचं शेवटचं बोलणं ते. डोक्याचं ऑपरेशन चालू आहे, एवढंच मला कळवलं आहे.

उर्वीला पाण्याचं माहीत नाही. तिला वाटतं सकाळच्या दवाचा बर्फ झाला. रुग्णवाहिका येईपर्यंत ती माझ्याच पाठीवरून हात फिरवत होती, "बाबा, तुमचा काही दोष नाही" म्हणत. 

हा जबाब प्रीताताईंनी मला पहिल्यापासून वाचून दाखवला. पाइपाच्या ठिकाणी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, हे असंच ठेवायचं? विचार करा." ठेवा म्हणालो. मी सांगितलं तसंच लिहिलं आहे, खरं आहे, कोणी दडपण आणलेलं नाही.

सही करण्याआधी एक विनंती लिहून घ्या. पलीकडच्या खोलीत माझ्या मुलीला पाच तास झाले बसवून ठेवलं आहे. तिला आधी सोडा. कुशने डोळे उघडले तर समोर ती असायला हवी. मी कुठे जात नाही, इथेच बसतो.

सही: ज. त्र्यं. देवपुजारी