केळफुलांची चादर

हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्याने बोला, खरखर फार आहे… कोण, कुंदा?

अगं काय झालं? नाना बरे आहेत ना?… नक्की?… असोद्याला कुणी जाऊन आलं का, की उगाच मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस?… बरं. मग ट्रंककॉल कशाला केलास बाई. सज्जनबाईंनी गच्चीवरून हाक मारली, तुमच्या बहिणीचा जळगावहून फोन आहे म्हणून. तशीच आले. पायात चप्पल नाही. सुई अजून पदराला टोचलेली आहे.

थांब, श्वास घेऊ दे… हो, त्यांच्याच बैठकीतून बोलतेय. सेठजी पेढीवर गेलेत. सज्जनबाई मूग निवडतायत. त्यांना सगळं ऐकू येतं, पण त्या ऐकत नाहीत… हसतायत बघ.

तू कुठून बोलतेस, दुकानातून?… यशवंतराव जेवायला घरी गेले म्हणून तू दुकानात येऊन बसलीस? पमीला घेऊन?… म्हणजे त्यांना न सांगता. म्हणजे काहीतरी निस्तरायचंय. बोल.

काय करत होते म्हणजे? माझ्या खोलीत होते… माझ्या. मालूची ती. धाकट्या लेकीचंही लग्न झालं, तेव्हापासून माझी… अगं पत्रात लिहिलं होतं तुला. चार पानं लिहिली होती. तू उलट टपाली काय कळवलंस, तर गव्हाचे दोन डबे तुझ्याकडे ठेवू का, खोली रिकामी झालीय तर.

रिकामी कुठली. न्हाणीघराचं जुनं दार पडून होतं ना, ते यांनी दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकून दिलं. झालं टेबल… चांगलं सहा फुटी. रिळं बिस्किटांच्या डब्यांत, मणी लोणच्याच्या बरण्यांत, मशीन खिडकीशी. पांझरा नदीकडून उजेड येतो, चार वाजेपर्यंत छान असतो. जेवणं आटोपली की बारा ते चार मी तिथे. आतून कडी लावून… हो, कडी. का, मी कडी लावू नये?

शेवंताबाई केर काढायला येते ती दारातच उभी राहते. म्हणते, अक्का, हाई काय बठ्ठा पसारा शे. म्हटलं असू दे. माझा पसारा आहे. तुला सांगू का, त्याचंच सुख आहे. इतकी वर्षं स्वयंपाक झाला की पेटी काढायची, कुणी आलं की पेटी भरायची. आता कात्री जिथे ठेवली तिथेच दुसऱ्या दिवशी असते. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा असं झालंय.

चादर करतेय… नाही गं, कुणाच्या रुखवतासाठी नाही. माझ्यासाठी. माझ्या पलंगावर घालायला… तुला हसू कशाचं आलं?

मोजून बघ ना. तुझ्या नणंदेचं रुखवत मी केलं, दोघी चुलत बहिणींचं केलं, गल्लीतल्या पाच पोरींचं केलं, माझ्या तिघींचं तर केलंच. सगळी मिळून अकरा. क्रोशाचे रुमाल, मण्यांचे पोपट, लोकरीचे कुत्रे, काड्यापेटीच्या काड्यांचे बंगले. मांडवात टेबलावर मांडायचं आणि सगळ्यांना सांगायचं, मुलीने स्वतः केलंय हो. बायका त्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवतात. मी मागे पंगतीला वाढत असते. आणि माझ्या घरात माझ्या हातचं काय आहे? एक पायपुसणं. तेही उरलेल्या चिंध्यांचं.

नाही गं, रागावले नाही. दमलेय. दमलेल्या माणसाला राग यायलाही वेळ लागतो.

केळी काढल्यात चादरीवर… गुलाब नाही. गुलाबांचा मला कंटाळा आला. आपल्या नानांच्या मळ्यातल्या केळी. चारी बाजूंनी पानं, थोडी वाऱ्याने फाटलेली, असतात तशी. आणि मध्ये केळफुलं. त्याचा तो वांगी रंग मिळेना. तीनदा आग्रा रोडवरच्या दुकानांत गेले, शेवटी दोन दोरे एकत्र ओवले तेव्हा कुठे जमला. अर्धी झालीय. डोळ्यांचा नंबर पुन्हा वाढला, डॉक्टर म्हणाले बारीक काम आता पुरे करा. म्हटलं ही एवढी होऊ द्या… हो, म्हणजे ही शेवटचीच धर.

हो ऑपरेटर, बोलतोय आम्ही… वाढवायला सांग कुंदा, अजून तू मुद्द्यावर आली नाहीस.

काय?… पमीला बघायला आले होते? कधी?… आणि मला आत्ता सांगतेस. कुठले?… पिंपळनेरचे. मुलगा काय करतो?… मास्तर आहे. चांगलं आहे की. पसंत आहे म्हणाले?… मग रडवेली का होतेस, पेढे वाट.

कुठला टेबलक्लॉथ?… मी तुला दिवाळीत दिलेला, निळ्या फुलांचा? तो कपाटात ठेवला होतास ना?… बरोबर आहे, पाहुणे आल्यावर काढला. मग?… मुलाच्या आईने विचारलं कुणी केला, आणि तू म्हणालीस आमच्या पमीने.

अगं पमीला सुईत दोरा ओवता येत नाही. मागच्या उन्हाळ्यात पोलक्याला बटण लावलं तर ते परकरासकट शिवून ठेवलं होतं… असू दे. सगळेच सांगतात, तूही सांगितलंस. त्यात फोन करण्यासारखं काय झालं?

त्यांनी उचलून बघितला… उलटा करून? मागची बाजू बघितली?… बाई कोण आहेत गं या, स्वतः करतात का भरतकाम?… शिकवतात. अरे देवा.

काय विचारलं? पुन्हा सांग, खरखर आली मध्ये… मुलगी डावखुरी आहे का.

…

नाही, आहे मी. ऐकतेय. कशावरून ओळखलं म्हणाल्या?… देठांवरून. हो, बरोबर आहे. उजव्या हाताने घातलेला देठाचा टाका एका बाजूला कलतो, माझा दुसऱ्या बाजूला. खूप निरखून पाहिलं तर कळतं… तुला नाहीच दिसणार. तुझ्या घरात बारा वर्षं माझ्या वस्तू आहेत, तुला दिसलं नाही. त्या बाईंना चहा पिता पिता दिसलं.

आणि तू काय सांगितलंस?… हो म्हणालीस? कुंदे, त्यांच्यासमोर पोरीने उजव्या हाताने पोह्यांच्या बशा दिल्या असतील, उजव्या हाताने नमस्कार… काय, खातेपिते उजव्या हाताने पण शिवते डाव्या हाताने? हे तुला ऐन वेळी सुचलं?… माझ्यावरून सुचलं. हं.

मग काय म्हणाल्या?… असू दे डावखुरी, हात फार गोड आहे. असं म्हणाल्या?… नाही, काही नाही. पुन्हा एकदा सांग, नेमकं काय म्हणाल्या… बरं.

आता काय हवंय तुला माझ्याकडून? सरळ सांग.

पुढच्या गुरुवारी परत येतायत. साखरपुड्याचं ठरवायला… आणि सध्या पमी काय करतेय ते बघायचंय त्यांना. मग?… नाही, हातात सुई धरून बसलेली दाखवायची म्हणजे कशी? कशावर?

कुंदा… तू माझ्या चादरीबद्दल बोलतेयस?… अर्धी झालेली आहे म्हणून उलट बरी पडेल. म्हणजे तू पत्र वाचलं होतंस तर. सगळं वाचलं होतंस.

नाही… नाही म्हटलं ना. दुसरं काही माग. पैठणी माग माझी, देते… एका दिवसाचा प्रश्न नाहीये हा. एकदा पमीची म्हणून दाखवली की ती पमीबरोबर पिंपळनेरला जाणार. मी मग तिथे पाहुणी म्हणून जाईन आणि म्हणेन, वा, किती छान केलीयस गं पमी.

सज्जनबाई, नाही, काही झालं नाही. पाणी नको मला… अहो खरंच नको.

ऐक कुंदा. तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. मी डाव्या हाताने घास घेतला की आई लाटण्याने मारायची. बोटांवर. पाटीवरची पेन्सिल डाव्या हातात धरली म्हणून मास्तरांनी तो हात दोरीने कमरेला बांधला होता, अख्खा श्रावण. मी उजव्या हाताने जेवायला शिकले, लिहायला शिकले, हळदीकुंकू लावायला शिकले. सुई तेवढी कुणी बघितली नाही. कोपऱ्यात बसून काय करते, करू दे. तेवढं एक त्या हाताचं राहिलं. अकरा रुखवतं मी दिली, कधी माझं म्हटलं नाही. आता माझा डावा हातसुद्धा पमीचा म्हणून सांगायचा?

…

रडू नकोस… अगं रडू नकोस म्हटलं ना, ऑपरेटर ऐकतोय… तुला वाईट म्हणत नाहीये मी. तू घाबरलीस, तोंडातून गेलं. मला कळतं. पण मला वाईट वाटलं ते तर सांगू देशील की नाही.

पमीला दे… दे तिच्याकडे फोन. तिथेच आहे ना ती?

पमे?… काय गं बाई. रडतेस? तू पण?… बरं, नाक पूस आधी.

मला खरं सांग. मुलगा आवडलाय का तुला?… हं म्हणजे हो का?… अस्सं. बोललात का दोघं?… काय विचारलं त्याने?… स्वयंपाक येतो का. आणि तू?… भाकरी जमते, पुरणपोळी फुटते. असं सांगितलंस? आणि तो हसला. मग तू त्याला एवढं खरं सांगितलंस तर तुझ्या आईला कुणी… बरं, ती बाजूलाच उभी आहे, नको बोलायला.

भीती वाटते?… वाटणारच. अगं गुरुवारी तू सुई धरलीस की त्या बाईंना तू बोटात कशी धरतेस तेवढ्यावरून कळेल. आणि समज गुरुवार निभावला. मग? संक्रांतीला सासूबाई म्हणतील, पमी, एक तोरण कर. तेव्हा काय करशील? मला चोरून पार्सल पाठवायला सांगशील?… जन्मभर?… मला तेवढं दिसणारही नाही गं पुढे.

नाही, मोडेल असं मी म्हणत नाही. मोडू नये असंच वाटतं मला. तुला वाटतं त्याहून जास्त वाटतं… हो. थांब जरा, विचार करू दे.

हो ऑपरेटर, बोलतोय, बोलतोय.

पमे, ऐक. मी येते. बुधवारी सकाळच्या एस.टी.ने निघते, दुपारपर्यंत पोचते… हो, यांना दोन दिवस शेवंताबाई भाकरी टाकून देईल, ते मरत नाहीत. तू एवढंच कर, गुरुवारी केस नीट विंचर आणि खरं बोल. आता आईला दे.

कुंदा, येतेय मी… हो, चादर घेऊन येते… अगं ऐक ना. आधीच देव पावल्यासारखं करू नकोस. त्या बाई आल्या की मी बैठकीत बसेन. तुझ्या त्या वेताच्या खुर्चीत, सगळ्यांसमोर. चादर मांडीवर घेईन आणि डाव्या हाताने टाके घालीन. त्या बघतील. त्यांना कळायला मिनिट लागणार नाही… पमी नाही, मी. पमी त्यांच्याशेजारी बसेल, काही न करता.

चिडतील. चिडू देत. खोटं तू बोललीस तर थोडं ऐकून घे… उठून गेल्या तर मी त्यांच्या मागे जाईन, पाया पडेन. पमीसाठी पडेन, मला काही वाटणार नाही. पण चादर देणार नाही. दाखवायला आणतेय, द्यायला नाही.

यशवंतरावांना आज रात्रीच सांग, मी येईपर्यंत लपवू नकोस… ते काय म्हणतील ते ऐक. तुझाच नवरा आहे.

काय?… ऑपरेटर, नाही, आता वाढवू नका. झालं आमचं.

एवढं शेवटचं ऐक कुंदा. त्या बाईंनी विचारलं ना, या कोण, तर नेहमीसारखं आमची अक्का म्हणून मोकळी होऊ नकोस. नाव सांग. टेबलक्लॉथ यांनी केलाय म्हण, आणि पूर्ण नाव सांग. सुनंदा दामोदर महाजन… काय?… माहीत आहे तुला?

मग एवढ्या वर्षांत एकदा तरी कुणाला सांगायचं होतंस गं.

ठेवते.