गणपतीच्या गोळ्या

(लालबाग. चाळीतली खोली. आरोग्यसेविका सीमा मोबाईल पुढे धरून बसली आहे. समोर अनुजा आणि तिची सासू शेवंती.)

सीमा : अगं, परीक्षा नाहीये ही. ॲप बोलून विचारतं, आपण खरं नाहीतर खोटं दाबायचं.

शेवंती : ह्यो फोन असल्या गोष्टी मराठीत बोलता? मोठ्यान नको हां लावू, बाजूची कान देऊन बसली असतली.

अनुजा : बसू दे. तिलाही कळेल. पुढचा लावा, सीमाताई.

सीमा : ऐका. "पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या, की दिवस राहत नाहीत."

अनुजा : खरं. सोप्पंय.

सीमा : खोटं.

अनुजा : काय?

सीमा : त्या फक्त पाळी लांबवतात. दिवस राहायचे ते राहू शकतात.

शेवंती : त्या फोनाक काय कळता? चाळीतल्या सगळ्या बायका गणपतीत त्याच घेतत. नैवेद्य कोणी रांधायचो? मीच आणून दिलंय हिका.

अनुजा : परत लावा ना.

सीमा : शंभरदा लावलं तरी तेच सांगणार. का गं? चेहरा का उतरला?

अनुजा : मला वाटलं, गोळी ती गोळी. पंधरा-वीस दिवस एकदम बिनधास्त होतो आम्ही. वैभवला मीच म्हटलं, आता टेन्शन नाही.

सीमा : बंद कधी केल्यास?

अनुजा : विसर्जनाला. आज अकरावा दिवस. पाळी नाही आली. म्हटलं, गोळ्यांमुळेच लांबली असेल.

सीमा : बंद केल्यावर दोन-चार दिवसांत यायला हवी. दिवस राहिलेत का ते तपासायचं किट आहे माझ्या पिशवीत. आत्ताच बघून ये.

शेवंती : असला तर असला! नील वर्षाचो झालो. भाऊ गावतलो त्याका.

अनुजा : आई, एक तारखेला जॉइनिंग आहे माझं! चार इंटरव्ह्यू दिले त्यासाठी, नीलला तुमच्याकडे टाकून. मला नकोय आत्ता. नकोय म्हणजे नकोय. द्या ते किट.

शेवंती : ...गेली रागान. गो सीमा, मी पण वर्षानुवर्षं ह्याच गोळ्या घेतलंय. केमिस्ट कधी काय बोललो नाय.

सीमा : तुम्ही विचारलंत कधी?

शेवंती : दुकानात चार बाप्ये उभे. कागदात गुंडाळून देता, पिशवीत टाकायच्या नि मान खाली घालून चालू पडायचा. कोणाक विचारतलंय?

अनुजा : सीमाताई! एकच रेघ आहे. एक म्हणजे नाही ना? नीट बघा.

सीमा : नाही. दिवस नाहीत. आठवड्यात पाळी आली नाही, तर मात्र परत चाचणी करायची.

अनुजा : देवा! थांबा, डोळे पुसते. आई, तुम्हाला वाईट वाटलं?

शेवंती : वाटला थोडा. खोटा कशाक बोलू? पण तू रडतंस ता बघून जास्त वाटला. गोळ्या माझ्याच हातच्या.

सीमा : आता पुढचं बघू. गोळी, इंजेक्शन, तांबी, सगळं आहे ह्यात. पण त्याआधी ॲप एक विचारतं. "ताई, तुम्हाला आत्ता मूल हवं आहे का?"

अनुजा : नको. हे बघा, दाबलं.

शेवंती : माका चार झाली गो. ह्या एकदा पण कोणी विचारूक नाय.