दसऱ्याला मुका झालेला रेडिओ

अहो, आमच्या साखरा गावातला पहिला रेडिओ बॅटरीवर चालायचा, अन् ऐन दसऱ्याला तो मुका झाला. माझे थोरले दीर सगळ्यांपुढं ओरडले, "बाईनं तारा चाळवल्या म्हणून बिघडला! पुन्हा हात लावायचा न्हाई!"

माझं डोकंच फिरलं. एकेक तार तपासत गेले, तर बॅटरीच्या दोन्ही टोकांवर तेल-शेंदराचा हा जाड थर!

"हे कोणी केलं?"

"म्याच," दीर म्हणाले. "औतांसंग बॅटरीचीबी पूजा केली. तारा काढल्या, शेंदूर लावला, परत बसवल्या."

मी टोकं राखेनं घासून पुसली, तारा आवळल्या. रेडिओ बोलला. दिरांनी हात जोडले, "बघा, पूजेला गुण आला!"

मी तार उपटून त्यांच्या हातात दिली. "मग आता तुमीच पूजेनं बोलता करा ह्याला."